नानीला हाक मारणारं जपानी मांजर

आधीच सांगतो — भूत, देवचार, करणी, यातल्या कशावरही माझा काडीचा विश्वास नाही. माझं कट्टा गावात मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे. 'फोनात कायतरी शिरलाहा' म्हणत लोक येतात, मी उघडून बघतो, आत पाणी शिरलेलं असतं. नाहीतर मुंग्या. आजवर तिसरं काही निघालेलं नाही. त्यामुळे पुढचं वाचून 'डोकं तपासून घे' म्हणावंसं वाटलं तर खुशाल म्हणा, माझं मलाच ते म्हणून झालंय.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. माझा चुलतभाऊ सुनील मालवाहू जहाजावर असतो. जपानच्या कुठल्याशा बंदरात त्याने एक सेकंडहँड हँडहेल्ड गेम घेतला होता. त्याच्या आवडत्या ॲनिमेवरचा — एक शेंडीवाला पोरगा, एक उडती होडी आणि एक लठ्ठ बोलणारं मांजर. सगळा कारभार जपानीत. बटण अडकतंय म्हणून सुट्टी संपवून जाताना माझ्याकडे टाकून गेला. बटण लगेच सुटलं... पण दुरुस्त केलेली वस्तू टेस्ट नको करायला? ते टेस्टिंग जे सुरू झालं ते संपेचना.

एक अक्षर कळत नव्हतं, अंदाजपंचे दाबत होतो. लढाईत जे मी 'औषध' समजून दाबायचो ते 'पळ काढा' होतं, हे फार उशिरा लक्षात आलं. तोवर आमचा शूर नायक बेडकाला भिऊनसुद्धा पळाला होता. फोनचा कॅमेरा धरून भाषांतर करून बघितलं, तर आलं — 'सासऱ्यांना उकळा'. मग तो नाद सोडला.

आता नानी. नानी म्हणजे सुनीलची आई, माझी काकू. सगळी वाडी तिला नानीच म्हणते. काका जाऊन बरीच वर्षं झाली. घरं शेजारी, अंगण एकच. एका दुपारी ती अंगणात कोकमं फोडत बसली होती आणि मी शेजारी टेस्टिंग करत होतो. गेममधल्या त्या लठ्ठ मांजरापाशी जाऊन बटण दाबलं, तर मांजर म्हणालं, "नानीऽ?"

"कोण रे?" नानीने मान वर केली.

"कोण नाय गो, गेम."

"गेमाक माजा नाव कसा म्हायत?"

पुन्हा दाबलं. पुन्हा तेच, "नानीऽ?"

"काय रे बाबा?" नानी थेट स्क्रीनला म्हणाली. "जेवलस काय?"

बटण दाबलं. "नाय," मांजर म्हणालं. शप्पथ!

"बघ, उपाशी आसा. आणि तू त्येका पळवत बसलस!"

दुकानात बसून नेटवर शोधलं. जपानीत 'नानी' म्हणजे काय, 'नाय' म्हणजे नाही आणि 'हाय' म्हणजे होय. मांजर या तीनच गोष्टी आलटून पालटून बोलतं. झालं! पाणी नाहीतर मुंग्या... मी विजयी मुद्रेने घरी आलो आणि नानीला सांगितलं, ता मांजार तुका हाक मारणा नाय, नुसता 'काय' म्हणता.

"मगे? तुजे काके तरी माका कधी नावान हाक मारीत? 'काय गो' म्हणानच साद घालीत."

मी पुन्हा बटण दाबलं.

मग ते रोजचंच झालं. देवळात कौल लावतात तसं. आज पाव्हणे येतले? हाय. बांगडो स्वस्त मेळतलो? नाय. उत्तर बरोबर आलं की मांजराचं कौतुक, चुकलं की मी बटण वाकडं दाबलं.

आणि मग सुनीलचे फोन यायचे बंद झाले.

आधी नानी चिडली, आईची आठवण नाय मेल्याक म्हणून. मी कंपनीच्या ऑफिसात फोन लावला. "जहाज वादळाच्या पट्ट्यात आहे, संपर्क झाला की कळवू" — शुद्ध मराठीत, गोड आवाजात. त्यानंतर नानीचं चिडणंही थांबलं. पुढ्यातली पेज तशीच निवून जायची. मला तर भयंकर भीती वाटत होती, आणि ती तिच्यासमोर दाखवायचीही चोरी.

एका संध्याकाळी तुळशीपुढे दिवा लावून ती आमच्या पडवीत आली.

"त्या मांजराक इचारूचा आसा. काढ."

मी सबब शोधू लागलो. कारण ते मेलं मांजर 'नाय' म्हणायला काही मागेपुढे बघत नव्हतं.

"चार्जिंग नाय गो नानी."

"हिरवो दिवो पेटलेलो दिसता माका."

गेम काढला, पण मीही दुकानदार माणूस. तिच्या नकळत आवाजाची पट्टी पार खाली शून्यावर ओढली. बेत असा की मांजराचं नुसतं तोंड हलेल, आणि मी म्हणेन, "हाय म्हणाला गो, आयकाक येवक नाय तुका?"

नानी स्क्रीनजवळ वाकली. बाजारात ओळखीच्या माणसाला विचारावं इतक्या साध्या आवाजात म्हणाली, "रे बाबा, माजो सुनील आसा मा?"

मी बटण दाबलं.

"आसा," मांजर म्हणालं.

स्पष्ट. खणखणीत. आणि पट्टी शून्यावर... माझा अंगठा तिच्यावरच होता.

नानीने पदराने डोळे पुसले. "आसा म्हणता," एवढंच म्हणाली, घरात गेली, पेज ऊन केली आणि जेवली. मी मागाहून कितीदा बटण दाबलं. मांजर तोंड उघडायचं, मिटायचं. आवाज नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दात घासत होतो, तेवढ्यात नानीने बोंब मारली. सुनीलचा फोन! वादळात जहाजाचा अँटेना मोडला होता, आता सगळे सुखरूप बंदराला लागले होते. तो ओरडून बोलत होता, नानी त्याहून ओरडून, आणि मी तोंडात ब्रश धरून रडत होतो.

मग मी तो गेम उघडला. पाणी नाही, मुंग्या नाहीत. पट्टी खाली केली की आवाज बंद, जसा व्हायला हवा तसा. सुनीलला विचारलं, तर तो म्हणाला की गेम त्याने कितीदा संपवलाय, ते मांजर हाय, नाय आणि नानी याच्यापलीकडे काही बोलत नाही. मला आजही याचा उलगडा झालेला नाही. तुमच्यापैकी कोणी इलेक्ट्रॉनिक्सवाला असेल तर सांगा, मी ऐकून घ्यायला तयार आहे.

हां, आणि नेटवर 'आसा' हाही शब्द शोधला. निघाला. तसाच धावत नानीकडे गेलो.

"नानी, ता मांजार मालवणीत नाय गो बोललेला! जपानीत 'आसा' म्हणजे सकाळ!"

नानी कोकमं उन्हात पसरत होती. तिने मान वर केली.

"मगे? फोन सकाळीच इलो मा? तुका समाजला नाय, तर मांजार काय करतला?"