भुवईतली खाच

ब्रशताईला खऱ्या नावाने हाक मारणारं स्टुडिओत आता कुणी उरलं नव्हतं. फोटोवरचे डाग बारीक ब्रशने भरण्यात तिची तीस वर्षं गेली. ब्रश जाऊन माउस आला, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. तिची एक खोड होती. जुना फोटो मोठा करायला आला की ती आधी माणसाची खूण विचारायची आणि पाकिटाच्या पाठीवर लिहून ठेवायची. तीळ, वाकडा दात, जे असेल ते. खूण कुठली आणि डाग कुठला, हे एकदा चुकलं की माणूस गेलाच म्हणायचा.

एके दिवशी एक आजी वर्गाचा फोटो घेऊन आल्या. चाळीस मुलं, दुसऱ्या रांगेत कडेला त्यांचा मुलगा, चेहरा वाटाण्याएवढा. दहाव्या वर्षी तापाने गेला. दुसरा फोटो नाही.

"खूण काही?" ब्रशताईने विचारलं.

"डाव्या भुवईत खाच. पडला होता," आजी म्हणाल्या आणि पिशवीचे बंद आवळत राहिल्या. ब्रशताईने ते तसंच पाकिटाच्या पाठीवर लिहून घेतलं.

धाकट्या मालकांना घाई. "हाताने कुठे करत बसता, ताई? ऑनलाइन एआय आहे. चार-पाच साइट बघा, एक निवडा, कायमची तीच ठेवू."

ब्रशताईने बघितल्या. पहिलीने मुलाला पांढरेशुभ्र दात दिले. मूळ फोटोत त्याचं तोंड मिटलेलं होतं. दुसरीने गाल असे घासले की पोर साबणाच्या जाहिरातीतलं वाटावं. तिसरीने, चौथीने भुवई सरळ भरून टाकली. ब्रशताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अरे, तुला विचारलं कुणी? चेहरा मोठा कर म्हटलं, नवा कर म्हटलं नव्हतं. तीस वर्षांत एवढा आगाऊपणा तिने एकाही शिकाऊ माणसाचा खपवून घेतला नव्हता.

पाचव्या साइटवर 'चेहरा सुधारा' या चौकटीतली टिक काढून टाकता येत होती. तिने ती काढली. फोटो मोठा झाला, जरा धुरकट राहिला, पण भुवईत ती फिकट फट जशीच्या तशी. दगडापेक्षा वीट मऊ, म्हणत तिने ही आणि चौथ्या साइटची चकचकीत, अशा दोन्ही प्रिंट मालकांपुढे ठेवल्या.

"हा धुरकट कोण घेईल?" मालक हसले. "गिऱ्हाईकाला चकचकीत हवं असतं."

आणि ब्रशताई जेवायला गेली असताना त्यांनी आजींना चकचकीत प्रिंटच दिली. ती परत आली तेव्हा आजी काउंटरपाशी उभ्या होत्या.

"हा कोण?" आजींनी विचारलं.

"तुमचाच मुलगा, आजी. कॉम्प्युटरने जरा नीटनेटका केलाय," मालक म्हणाले.

"खाच कुठे गेली?"

"ती काढली. छान दिसतो ना आता?"

आजींनी प्रिंट काउंटरवर उलटी ठेवली. "पडला नव्हता तो. मी रागाच्या भरात डबा फेकून मारला होता. पडलो, असं तोच सगळ्यांना सांगत फिरला. शाळेत, बापाला, सगळ्यांना. चाळीस वर्षं ती खाच मी विसरले नाही, आणि तुम्ही पुसून मोकळे झालात? कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

मालकांनी चकचकीत प्रिंट मागे ओढली. ब्रशताईने त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही, बघितलं असतं तर तोंडातून नको ते निघालं असतं. तिने खणातून धुरकट प्रिंट काढून पुढे ठेवली. आजींनी भुवईवर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

"हाच," त्या म्हणाल्या.

ब्रशताईने सवयीने पाकीट ओढलं आणि 'पडला होता' यावर काट मारायला पेन उचललं. आजींनी तिचा हात धरला.

"ते तसंच राहू द्या, बाई. त्याने तसंच सांगितलं होतं."