जिन्यातला प्लग

रविवार, १२ नोव्हेंबर २००६

मंडळी, बरेच दिवस इथे फिरकलो नाही, माफ करा. फुलपाड्यातल्या आमच्या सोसायटीची वेबसाइट मी घरच्याच कॉम्प्युटरवर चालवतो. कुठल्या विंगला किती वेळ पाणी सोडलं, ते तिथे रोज लिहितो. आमचे सेक्रेटरी सावंत यांना नेमकं तेच खुपतं.

इंटरनेटची लाइन तुटून पुन्हा जोडली की माझा इंटरनेटवरचा पत्ता बदलतो आणि साइट कुणालाच सापडत नाही. हल्ली हे रोजचंच झालं होतं.

आज वरच्या मजल्यावरून पाहिलं, तर माझं इंटरनेट ज्यातून येतं, त्या जिन्यातल्या केबलवाल्याच्या डब्याचा प्लग सावंत काढून परत लावत होते. मी गुपचूप मोबाइलवर फोटो काढला.

खाली भेटल्यावर म्हणाले, "काय जोशी, वेबसाइटचं दुकान बंद पडलं वाटतं?"

"हो ना," मी म्हणालो.

दुपारी एक प्रोग्राम बसवला. आता पत्ता बदलला तरी साइटचं नाव आपोआप नव्या पत्त्यावर नेतं. म्हणजे फोटोची गरज उरली नाही. तरी तो मला साइटवर लावायचाच आहे. हे पाण्यासाठी नाही, सुडासाठी आहे, हे मला कळतं. तुम्ही लावला असता का?

उद्याचं काम: फोटो आधी सावंतांना दाखवणे.