योविनाचा डावा हात

योविनाला जन्मतःच डाव्या हाताला अंगठा नव्हता, आणि त्याच बाजूचा डोळा बाहेरच्या दिशेला वळत नसे. डॉक्टर म्हणाले, दोन्हींचं मूळ एकच, लाखात एखाद्याच्या वाट्याला येणारं. डावीकडचं पाहायचं तर तिला अख्खी मान फिरवावी लागे. ती फिरवली नाही की गाव म्हणे, बाई शिष्ट आहे.

फेरो बेटांवरच्या त्या गावात लग्न म्हटलं की नाचाचं कडं आलंच. वाद्य नाही, नुसतं गाणं आणि पावलांचा दणदणाट. हातात हात, दोन पावलं डावीकडे, एक उजवीकडे. कड्यात कुणी कुणाला बोलवत नाही. कुठल्याही दोघांचे हात सोडवायचे आणि मध्ये घुसायचं, एवढाच शिरस्ता. योविना मात्र पन्नाशी उलटली तरी भिंतीकडेच्या बाकावर लोकांचे कोट सांभाळत बसायची. आपला डावा हात कोण धरणार, या एका भीतीपायी तिचा जन्म त्या बाकावर गेला. कुणीतरी बोलवेल म्हणून ती वाट पाही, आणि बोलवायची तर रीतच नव्हती.

भाचीच्या लग्नात भावजय म्हणाली, "वन्सं, कोट काय पळून जाणारेत? की लोकरीचे आहेत म्हणून परत मेंढ्या होतील त्यांच्या?"

योविना उठली. समोर दिसले ते दोन हात तिने सोडवले आणि आत शिरली. उजवा हात कुणीतरी झटकन घेतला. डावीकडे नुसती बाहीला ओढ जाणवली. मान वळवली तर पाऊल चुकेल, म्हणून तिने वळवली नाही. गाणं संपल्यावर पाहिलं, तर शाळेतला सोबती डान्याल तिची बाही दोन बोटांत धरून उभा.

तिचा चेहरा पडला. "एवढी किळस वाटते का रे?"

"किळस?" तो गडबडला. "अगं, दुखत असेल ना तो! लहानपणी दटावलं होतं आम्हाला, योविनाच्या हाताला हात लावायचा नाही म्हणून. सगळं गाव जपतं तुला."

"कधीच दुखला नाही. विचारायचं तरी होतंस, मुडद्या!"

पुढचं गाणं सुरू झालं तसा त्याने तिचा हात मुठीत घेतला, इतका घट्ट की आयुष्यात पहिल्यांदा तो खरंच दुखायला लागला. योविनाने तो सोडवून घेतला नाही.