टेकू काढून उभा

काशिनाथ घोगरे माणूस म्हणून मला कधी आवडला नाही. न्यूझीलंडमधल्या लोअर हटच्या एका वर्कशॉपमध्ये आम्ही एकोणीस वर्षं शेजारी वेल्डिंग केलं. दुसऱ्याचा जोड दिसला की तो नाक मुरडायचा. स्वतःचा जोड तीनदा घासायचा. नवा कोणी चौकट उभी करून चहाला निघाला, की हा मागून म्हणायचा, "टेकू काढ. मग बोल."

त्याचा डावा पाय गुडघ्याखालून गेला, तो टेकूपायीच. गेटची जड चौकट होती. एक बाजू जोडून झाली, दुसरी राहिली होती, आणि याने टेकू काढला. घाई नव्हती, कोणी हाक मारली नव्हती. चौकट पायावर आली. ती उचलायला मीच होतो.

यंदा इथल्या मराठी मंडळाच्या मेळाव्यात इंद्रनीलने 'जिद्द' नावाचं प्रदर्शन मांडलं. इंद्रनील वेलिंग्टनला सरकारी खात्यात आयटीवाला. अमेरिकेतल्या यादवी युद्धात जखमी झालेल्या एका सैनिकाचा जुना फोटो त्याने मोठा छापून घेतला. पाय मांडीतून कापलेला, कुबडी जमिनीवर आडवी, माणूस एका पायावर ताठ. शेजारी काशिनाथचा फोटो लावायचा होता, कृत्रिम पाय काढून, तसाच उभा.

काशिनाथने एकच अट घातली. "अपघात झाला तसा लिहायचा. चूक माझी होती, हेही."

"स्वीट ॲज, काका. तसंच लिहितो."

वसुंधरावहिनी म्हणाल्या, "यांना हसायला तेवढं सांगू नका. लग्नाच्या फोटोतही हसले नाहीत."

मेळाव्याच्या सकाळी आम्ही हॉलवर गेलो. काशिनाथच्या फोटोखाली छापलं होतं : 'यंत्राच्या बिघाडाने पाय हिरावला, जिद्द नाही.' सैनिकाखाली : 'कोणत्याही आधाराशिवाय.'

"कुठलं यंत्र?" काशिनाथने विचारलं. "तिथे मी होतो."

"काका, लोकांना इन्स्पिरेशन हवं असतं. स्वतःची चूक वगैरे फार निगेटिव्ह वाटतं."

"तुला विचारलं होतं काय वाटतं ते?"

"काका, मी हीप्स, ढीगभर मेहनत घेतलीय यावर."

"दिसतेय मेहनत. दोन ओळी लिहिल्यास, दोन्ही खोट्या."

"दुसरी कशी खोटी?"

काशिनाथने चष्मा कपाळावर चढवला आणि सैनिकाच्या फोटोला नाक लावलं. वर्कशॉपमध्ये तो जोड असाच तपासायचा. "सुशील, इकडे ये. टाचेमागे काय आहे?"

मी वाकून पाहिलं. सैनिकाच्या बुटामागून लोखंडी बैठकीचा एक पाय बाहेर आला होता.

इंद्रनील चडफडत म्हणाला, "स्टँड आहे तो. तेव्हा फोटोला वेळ लागायचा. हलू नये म्हणून मागून डोकं धरून ठेवायचे."

"म्हणजे तुला माहीत होतं."

"टाचेमागे कोण बघतंय, काका!"

"मी बघतोय."

नावनोंदणीच्या टेबलावर मार्कर होता. काशिनाथने तो उचलला. सैनिकाच्या टाचेकडे बाण काढला आणि लिहिलं, 'टेकू'. मग स्वतःच्या फोटोखालची ओळ खोडली. 'दुसरी बाजू जोडण्याआधी टेकू मीच काढला. का. घोगरे.' अक्षर जोडासारखंच, एकसारखं.

"फोटो खराब केलात! पाहुणे येतायत!" इंद्रनील दोन्ही फोटो उतरवायला धावला. काशिनाथ त्याच्या आणि भिंतीच्या मधे उभा राहिला.

"हात लावून बघ."

इंद्रनीलने माझ्याकडे पाहिलं. "काका, तुम्ही तरी समजवा."

"चौकट पडली तेव्हा मी तिथे होतो," मी म्हणालो. "त्याने लिहिलंय ते बरोबर आहे."

लोक येऊ लागले. कोणी वाचलं, कोणी वाचून लगेच पुढे सरकलं. एक बाई कुजबुजल्या, "काय तरी बाई, स्वतःच लिहून ठेवलंय." काशिनाथ भिंतीपासून हलला नाही. तासाभराने कृत्रिम पायातला खुंट दुखत असणार. कपाळावर घाम होता. वहिनींनी खांद्याला हात लावला, तो त्याने झटकला. मी खुर्ची आणली.

"ती कशाला?" तो खेकसला.

मी खुर्ची जागच्या जागी नेऊन ठेवली.