चांगला पाय

बाबांच्या पायासाठी फोनवरचा डॉक्टर मीच शोधला. त्यांना शुगर, पाय बधिर झालेले. डाव्या पायाच्या बोटांत सोयाबीनचं धसकट घुसलं, तरी त्यांना कळलंसुद्धा नव्हतं. कामरगावच्या घरी ते आणि आई दोघंच. मी मानोऱ्याला शाळेत शिकवते, परीक्षा सुरू, सुट्टी मिळेना. दवाखान्याचं नाव काढलं की बाबा भडकायचे. "तिथं गेलं का पायच कापते ते. मले नाही जायचं."

मग मी पेशंट लोकांचे अभिप्राय वाचत बसले. एका डॉक्टरबद्दल भरभरून लिहिलं होतं. 'हसून बोलतात.' 'अजिबात घाबरवत नाहीत.' 'काही नाही म्हणाले, जीव भांड्यात पडला.' पाचपैकी पाच तारे. आमच्या भित्र्या म्हाताऱ्याला असाच माणूस पाहिजे, असं मला वाटलं.

व्हिडिओ कॉल संपला आणि लगेच बाबांचा फोन. "लय भला माणूस हाये! जरासं खरचटलं म्हणे, मलम लावा. त्याले पाच तारे देजो बाई."

मी देणारच होते, तेवढ्यात आईचा फोन आला. ती कुजबुजत होती.

"अवं, त्यायनं उजवा पाय दाखोला."

"म्हणजे?"

"चांगला पाय दाखोला! डाव्यावर चादर टाकून बसले होते. मी बोलाले गेली तं डोळे वटारले माह्यावर. बोटं काळी पडून राह्यली पोरी, वास येऊन राह्यला."

परीक्षा तशीच सोडून मी निघाले. स्टँडवर जीपवाला सीटा भरल्याशिवाय हलेना. "अरे भाऊ, चाल ना आता!" मी ओरडलेच. वाटभर डॉक्टरचा राग येत होता, पण त्याला तरी काय म्हणणार? दाखवला तो पाय त्यानं पाहिला. आणि ते लिहिणारे? त्यांच्यातल्या किती जणांनी चांगलाच पाय पुढे केला असेल? पुढे त्यांचं काय झालं, हे तर एकानंही लिहिलं नव्हतं.

घरी पोचल्या पोचल्या मी चादर ओढली. "बाबा, काहून केलं असं?"

ते हुंदके देऊन रडायला लागले. "मले माहा पाय पाहिजे वो."

त्यांना तसंच गाडीत घातलं आणि अमरावती गाठली. तिथला सर्जन एकदाही हसला नाही. पाय वाचेल का, विचारलं तर म्हणाला, "उघडल्यावर कळेल." बाहेरच्या बाकावर आईनं माझा हात असा धरला होता, की बांगड्या रुतल्या.

दोन बोटं गेली. पाय राहिला.

दुसऱ्या दिवशी पट्टी बदलताना सर्जननं बाबांना चांगलंच झापलं. "आता काही लपवलंत, तर पाय गेलाच समजा." तो वॉर्डाबाहेर जाईपर्यंत बाबा दाराकडे बघत राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "याच्यापेक्षा तो फोनवाला लय बरा होता. किती गोड बोलला. पायाले हातबी नाही लावला."