बंद शाळांचे बेंच

शाळेचा पट घटत जातो तसे स्टाफरूममधले किस्से वाढत जातात. उल्हासनगर कॅम्प चारमधल्या आमच्या मराठी शाळेत शेवटी शेवटी मुलं बोटांवर मोजावीत, किस्से मात्र मोजून संपत नव्हते!

आमचे सगळे बेंच बंद पडलेल्या शाळांतून आलेले. तपासणीला आलेल्या साहेबांनी बेंचांच्या पाठीवरची तीन निरनिराळ्या शाळांची नावं वाचली आणि हळूच विचारलं, की हे चोरीचे तर नाहीत? मुख्याध्यापकबाई म्हणाल्या, "नाही साहेब, वारसाहक्काने आलेत."

मग पत्र आलं, पहिलीला मुलं मिळाली नाहीत तर शाळा बंद. मे महिन्याच्या उन्हात मी आणि विज्ञानाचे भोईर सर विठ्ठलवाडीच्या चाळींत दारोदार फिरलो. एका आईने पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि मला विचारलं, "मॅडम, तुमची मुलगी कुठल्या शाळेत जाते?"

माझी मुलगी इंग्रजी शाळेत जाते. पुढच्या दारावर आम्ही गेलोच नाही. त्याची लाज मला अजून वाटते.

पहिलीला एकही नाव आलं नाही. वर्ष संपलं की शाळा बंद, असा हुकूम निघाला. तरी भोईर सर सातवीच्या नऊ मुलांपुढे तसेच रंगून शिकवायचे. मोठा तारा मरताना फुटतो, त्याच्या पोटातलं लोखंड आकाशात उधळलं जातं, धुळीच्या ढगांत मिसळतं आणि त्याच ढगांतून नवे तारे जन्मतात, असं सांगून एकदा त्यांनी बेंचाच्या पायावर थाप मारली. "हे लोखंडही कुठल्यातरी मेलेल्या ताऱ्यातलं!"

समोर बसलेली सायली म्हणाली, "नाही सर, कॅम्प दोनच्या शाळेतलं आहे. मागं लिहिलंय."

आम्ही आठवडाभर हसत होतो. हसण्यासारखं दुसरं काही उरलंच नव्हतं.

बेंच अंबरनाथच्या एका नव्या शाळेला द्यायचे ठरले, आणि टेम्पो वार्षिक परीक्षेच्या आदल्या दिवशीच येऊन ते घेऊन गेला. मुलांनी विज्ञानाचा पेपर सतरंजीवर पालथं पडून लिहिला. त्यात दोन गुणांचा प्रश्न होता, 'तारा मेल्यावर त्याच्यातल्या द्रव्याचे काय होते?'

पेपर तपासताना भोईर सरांनी सायलीचा पेपर माझ्यापुढे सरकवला. तिने लिहिलं होतं, 'त्याचे बेंच दुसऱ्या शाळेत जातात. मुलांचे काय होते ते पुस्तकात दिलेले नाही.'

सरांनी दोनपैकी दोन गुण दिले होते.