मामांचा नामंजूर अर्ज

मागच्या वर्षी माझे सासरे गेले, आणि माझ्या पोरीला वाटतं की ते तिच्यामुळं गेले.

आठ वर्षांची आहे ती.

आज वर्षश्राद्ध. सकाळपासून तीनदा ओटा पुसला. ही पोस्ट दोनदा लिहून डिलीट केली. एका जागी बसवतच नाहीये.

सासऱ्यांना मी मामा म्हणायचे, पोरं आबा. मूळचे फुलंब्रीकडचे, तीस वर्षं वाळूजला कंपनीत फिटर.

मागचा मे महिना. नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही, म्हणून पोरांचा पोहण्याचा क्लास बंद. डान्सवाल्या मॅडम गावी गेलेल्या. समर कॅम्पवाल्यांनी 'यंदा बॅच नाही' असा मेसेज टाकला आणि मोकळे झाले.

बाहेर ऊन असं की दहानंतर दार उघडायची सोय नाही. नवरा फर्स्ट शिफ्टला. मी घरूनच काम करते, सारखा कानाला हेडफोन. आणि हॉलमध्ये माझी आर्वी आणि पाच वर्षांचा ओम, एकमेकांच्या झिंज्या उपटायला मोकळे.

"मम्मी, बोअर होतंय!"

दिवसातून शंभर वेळा. जीव नुसता वैतागून जायचा. मग मी मोबाईल द्यायचे, खोटं कशाला बोलू.

एक दिवस मामांनी तो मोबाईल काढून घेतला. माळ्यावरचा नट-बोल्टचा डबा हॉलमध्ये पालथा केला.

"चला रं, कंपनी चालू!"

लई भारी कंपनी होती. ताट वाजलं की भोंगा. जुन्या लग्नपत्रिका कापून गेटपास. दहाला सरबताची सुट्टी. आर्वी मॅनेजर, ओम वर्कर आणि मामा हेल्पर. काम एकच, बोल्टला त्याच्या मापाचा नट शोधून बसवायचा.

मी भांडले होते. "मामा, ओमनं एखादा गिळला म्हणजे?"

"नाय गिळत. परमनंट वर्कर हाय त्यो."

दुपारी पोरं झोपली की मामा एकटेच बसून सगळे नट परत सोडवायचे, डब्यात कालवून ठेवायचे. मी म्हटलं, हे काय करताय?

"उद्याला माल नको का?"

महिनाभर माझ्या घरात शांतता होती. मी त्यांना एकदाही थँक्यू म्हटलं नाही.

त्या सकाळी मामा किचनच्या दारात आले. "वर्षा, आज लई गळून गेल्यावानी व्हायलंय. पोरायला तू बघती का जरा?"

मी मीटिंगला बसत होते. वर न बघता म्हटलं, "मामा, बारापर्यंत तेवढं ओढा ना, प्लीज."

"व्हय, व्हय. कर तू तुझं."

मग त्यांनी त्या सुट्टीचाच खेळ केला. कॅलेंडरच्या पाठीवर अर्ज लिहिला: 'मॅनेजर साहेब, बरे वाटत नसल्यामुळे एक दिवसाची रजा मिळावी.' आर्वीनं लाल पेनानं लिहिलं: 'नामंजूर. ऑर्डर अर्जंट आहे.'

सगळे हसले. मीपण हसले, माईक म्यूट करून.

अकराच्या सुमाराला ओम आला. "मम्मी, आबा काम करत नाहीत."

भिंतीला टेकून बसले होते, घामानं भिजलेले. संध्याकाळी गेले. डॉक्टर म्हणाले, लवकर आणलं असतं तर कदाचित.

त्या कदाचितनं वर्षभर मला झोपू दिलं नाही.

आर्वीला सगळ्यांनी समजावलं. देवाची इच्छा, बाळा. वय झालं होतं, बाळा. तिला काही पटलं नाही. मी गप्प बसले. आठ वर्षांच्या लेकराला माझं ओझं वाहू दिलं. लाज वाटते सांगायला.

आज ती फोटोला फूल वाहायला येईना. पलंगावर तोंड लपवून पडलेली. "मीच सुट्टी नाही दिली ना आबांना."

मग मी तिच्याजवळ बसले आणि सांगितलं. आबांनी आधी मला विचारलं होतं. खरी सुट्टी माझ्याकडं मागितली होती, मी नाही म्हटलं. तुझा तर खेळ होता. तुझी काहीच चूक नाही.

ती उठून बसली. मला वाटलं, आता ही माझ्याशी बोलायची नाही.

"मग मम्मी, तुझी चूक नाही असं तुला कोण सांगणार?"

तिनं माझा हात धरून मला फोटोपाशी नेलं. आम्ही दोघींनी मिळून फूल वाहिलं.

मामा, माझं चुकलं. तुम्हाला आम्हा सगळ्यांचा मनापासून नमस्कार.